ऑपरेटरांना ऑफसेट देता येतो, पण शिफ्टमध्ये कुणी देत नाही – मदत हवी आहे

धागाकर्ता:
सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारं लेथ), फनुक कंट्रोल (ते चालवणारा संगणक). बाहेरचा व्यास २५ मिमी, टॉलरन्स ±०.०२. मायक्रोमीटरने मोजणं, वेअर ऑफसेट देणं (टूल झिजून साईझमध्ये पडणारा फरक कंट्रोलमध्ये आकडा टाकून भरून काढणं) आणि दर पाचवा जॉब तपासून नोंदवणं हे ऑपरेटरांना मशीनवरच शिकवलं आहे. शिकवताना सगळ्यांना जमतं. नेहमीच्या शिफ्टमध्ये मात्र साईझ हलली की मशीन थांबवून सेटरची (मशीन लावून देणाऱ्याची) वाट बघतात. ट्रेनिंग पुन्हा घ्यावं का?

टूलरूम:
नको. समोर करून दाखवता येतंय म्हणजे कौशल्य आहे, मुभा नाही. मेमरी प्रोटेक्टची (कंट्रोलमधली माहिती बदलू न देणाऱ्या कुलपाची) चावी कुणाकडे असते ते आधी बघा. काही मशीनवर ती बंद असली की ऑफसेटही बदलत नाहीत.

दुसरं कारण भीतीचं, आणि ती रास्त आहे. समजा व्यास २५.०३ आला आणि एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअरमध्ये आधीच -०.१२ आहे. -०.०३ टाइप करून 'प्लस इनपुट' दाबलं की -०.१५ होतं, बरोबर. नुसतं 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसून -०.०३ राहतो आणि पुढचा जॉब २५.१२ च्या आसपास येतो. एकदा असं होऊन बोलणी बसली की माणूस ऑफसेटच्या पानाला हात लावत नाही. म्हणून हेच उदाहरण आकड्यांसकट छापून कंट्रोलशेजारी लावा. बोअरचं वेगळं लिहा: भोक लहान आलं तर अधिक चिन्ह.

एका वेळी किती वेअर बदल स्वीकारायचा याची मर्यादा फनुकच्या पॅरामीटरमध्ये घालता येते. ती ०.०५ ठेवा आणि त्यापुढे सेटरला बोलवायचं, असं लेखी द्या.

धागाकर्ता:
चावी सेटरकडेच असते. रात्रपाळीला सेटर एकच. शिवाय मोजण्यात वेळ गेला तर टार्गेट चुकतं, अशी तक्रार आहे.

लाइन_सुपरवायझर:
सायकल तीन मिनिटांची असेल तर पुढचा जॉब चालू असताना मागचा मोजून होतो. पण मायक्रोमीटर इन्स्पेक्शनच्या कपाटात असेल तर नाही होणार. तो मशीनपाशी हवा, कापड आणि सेटिंग पीससह (तपासणीसाठीचा ठरलेल्या मापाचा तुकडा). शिफ्टच्या सुरुवातीला शून्य तपासणं आणि मोजताना रॅचेटच (ठरावीक दाबापुढे घसरणारी टोकाची मूठ) फिरवणं, एवढं पत्रकावर लिहा. साईझ हलल्यावर थांबण्याचा वेळ टार्गेटमधून वजा करा. हे नाही केलं तर बाकी सगळं वाया जाईल.

१९४० च्या दशकात अमेरिकेत युद्धकाळी उद्योगांसाठी कामगारांना शिकवायची चार पायऱ्यांची पद्धत रूढ झाली: तयारी, दाखवणं, करून घेणं, मागोवा. आपल्याकडे बहुधा तिसरीवरच काम संपतं. चौथीत माणसाला एकट्याने करायला द्यायचं, अडलं तर कुणाला विचारायचं ते नावानिशी सांगायचं, वरचेवर बघायला जायचं आणि हळूहळू कमी करायचं.

ही चौथी पायरी सेटरला द्या. ऑपरेटर ऑफसेट देऊ लागले की आपली गरज संपेल असं सेटरला वाटू शकतं. म्हणून स्किल मॅट्रिक्समधली (कुणाला काय येतं त्या तक्त्यातली) खूण त्याच्या सहीने, आणि चालू शिफ्टमध्ये दिलेला ऑफसेट पाहूनच. ट्रेनिंगच्या दिवशी नाही.

टूलरूम:
शिकवल्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑपरेटरला तोच जॉब, तेच मशीन मिळेल असं शिफ्टपत्रक लावा. महिनाभर दुसऱ्या मशीनवर गेला तर चिन्हं विसरतोच. आणि सुरुवात दिवसपाळीला, एका मशीनवर. रात्रपाळीची चावी त्यानंतर.