मदत हवी आहे: धक्क्यावर मदतीला धावून येणाऱ्यांना काय सांगावं?

मंडळी, प्रश्न म्हणजे अवघड जागचं दुखणं आहे.

36 फुटी शिडाची बोट, फिन कील (तळाखालचा अरुंद, खोल पंख), एकच इंजिन. बोटीवर मी आणि बायको, दोघंच. कुठल्याही मरीनात (बोटी लावायच्या बंदरात) शिरलो की आजूबाजूच्या बोटींवरची माणसं हातातलं काम टाकून दोर धरायला धावतात. ओळख ना पाळख, तरी येतात. समुद्रावरच्या लोकांचा हा गुण मला फार आवडतो, आणि घोळही तिथेच होतो.

परवा आडवा वारा बोटीला फिंगरपासून, म्हणजे बोट बांधायच्या अरुंद धक्क्यापासून, लांब ढकलत होता. बायकोने पुढचा दोर दिला. घेणारे गृहस्थ चांगले धट्टेकट्टे, रस्सीखेच चालल्यासारखा त्यांनी तो ओढला. बो (पुढचं टोक) दणकन फिंगरवर आणि स्टर्न (मागचं टोक) थेट शेजाऱ्याच्या बोटीकडे. बोट जागच्या जागी थांबलेली, त्यामुळे सुकाणू फिरवून उपयोग शून्य. शेजाऱ्याच्या रेलिंगचा एक खांब वाकला. तो बिचारा फेंडर (धक्का झेलणारी हवेची उशी) घेऊन पळत आला होता, वर हसून म्हणतो, "हा खांब वाकायचाच, जागाच तशी आहे." संध्याकाळी ते ओढणारे गृहस्थ स्वतःचे पान्हे घेऊन खांब काढायला हजर! आता यांना कुठल्या तोंडाने सांगू की तुम्ही ओढलंत म्हणून झालं?

तर जाणकारांनी सांगावं: कुणाचं मन न दुखवता हे ओढणं कसं थांबवायचं? आणि दोघांनीच बोट लावायची खात्रीची रीत कोणती? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद
पुढचा दोर आधी देऊच नका. बोट साधारण मध्याभोवती फिरते, एक टोक आत ओढलं की दुसरं बाहेर जाणारच. त्यात ओढणारा पहिलवान असेल तर बघायलाच नको. पहिला दोर बोटीच्या मधल्या क्लीटवरचा (क्लीट म्हणजे दोर बांधायची खुंटी). त्याच्या टोकाला आधीच बोलाइनचा (न आवळणाऱ्या गाठीचा) मोठा फास मारून ठेवा आणि मदतनिसाला एवढंच सांगा: "हा फास त्या टोकाच्या क्लीटवर टाका." टोकाच्या म्हणजे फिंगरच्या बाहेरच्या टोकाच्या, तुम्ही बो आत घालून शिरताय असं धरून. लांबी तुमच्या हातात राहते, त्यांना ओढायला काही उरत नाही, आणि मदत केल्याचं समाधानही मिळतं. दोर ताणला की इंजिन मंद पुढे, सुकाणू फिंगरच्या उलट बाजूला. बोट फिंगरला चिकटून उभी राहील. मग बाकीचे दोर निवांत बांधा.

प्रतिसाद
+१. शिवाय दोघांना हेडसेट घ्या. इंजिनाच्या आवाजात पुढे-मागे ओरडण्यातूनच अर्धी भांडणं होतात, आणि ओरडा ऐकून धक्क्यावरचे आणखी चार जण सूचना द्यायला लागतात.
वेगाचं म्हणाल तर जितक्या वेगाने धडकायची तयारी असेल तितक्याच वेगाने आत यावं. वेग निम्मा केला की धडकेचा जोर पाव होतो. पण अगदीच रेंगाळलात तर कीलची पाण्यावरची पकड सुटते आणि वारा आधी बो पळवतो.

धागाकर्ता
फासाची युक्ती झकास! शंका एकच: रिव्हर्स टाकला की आमची स्टर्न डावीकडे सरकते. याचा फायदा घेता येईल का?

प्रतिसाद
येईल की. म्हणजे तुमचा इंजिनाचा पंखा उजव्या फिरकीचा (पुढे जाताना मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरणारा). फिंगर डाव्या हाताला येईल अशी जागा मागा. शेवटी थांबण्यासाठी रिव्हर्स दिलात की स्टर्न आपोआप फिंगरकडे येईल. मरीनाच्या ऑफिसला व्हीएचएफवर (बोटीवरच्या रेडिओवर) आधीच सांगितलं तर बहुतेक वेळा मिळते अशी जागा. आणि वारा फारच असेल तर बाहेरच थांबा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर चौपट होतो, तिथे शौर्य नको.

धागाकर्ता
आणि फास क्लीटवर टाकूनही त्यांनी दोर ओढलाच तर?

प्रतिसाद
त्यांच्या हातात एक मोकळा फेंडर द्या आणि शेजाऱ्याच्या रेलिंगपाशी उभं करा. दोन्ही हात गुंतले की दोर कुठून ओढणार! फक्त एक बजावून सांगा, दोन बोटींच्या मध्ये हातपाय घालायचा नाही. तुमची बोट सहा-सात टनांची असणार, ती माणसाच्या रेट्याने थांबत नाही.