मिरगाच्या आधी आवरा! उन्हाळा सरताना तुमच्या गावच्या घरी काय काय चालायचं? (अनुभव धागा)

कवेलूघर
काल गोकुळपेठच्या बाजारात कैऱ्या फोडून देणारा बसलेला दिसला. मोठा अडकित्ता, खाली पोतं, बाजूला कोयींचा ढीग आणि समोर पिशव्या घेऊन उभ्या बायका. मी गेले होते भाजीला. भाजी राहिली बाजूला, डोक्यात आमचं काटोल तालुक्यातलं घर सुरू झालं.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपत आला की आमच्याकडे दिवसभर एकच वाक्य ऐकू यायचं, मिरगाच्या आधी आवरा. मृग लागतं ७-८ जूनला, खरा पाऊस नागपूरकडे यायला महिन्याचा मध्य उजाडतो, पण आजीचा हिशेब नक्षत्रावर. सगळ्यात मोठं काम कवेलू, म्हणजे छताची मातीची कौलं, फेरायचं. वर्षभर माकडांनी नाचून फोडलेले कवेलू काढायचे, नवे बसवायचे. वर बाबा आणि एक गडी, खाली आई. भर दुपारी घरात अंधार करायचा, मग छतात जिथून ऊन आत येतं तिथं आई तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, खुपसायची. वरच्या माणसाला कवेलूतून तुराटीचं टोक बाहेर आलेलं दिसलं की भोक सापडलं. "इथं नाही वं, डावीकडं!" "अहो तेच तं दाखवून राहिली!" असं संध्याकाळपर्यंत. आईच्या डोळ्यांत कचरा, केसांत जाळे.

मशागत, बियाणं, खत यावर पुष्कळ लिहिलं जातं. पण घर पावसाळ्यात सुखरूप नेण्याचं काम बायका करायच्या आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, हे मला फार लागतं. म्हणून विचारते. तुमच्या घरी कोण काय करायचं ते लिहा. शेतातलं नको, घरातलं.

वखरडवरा
आमचं गाव उमरेडकडे. गोवऱ्या!! मे महिनाभर थापून वाळवलेल्या गोवऱ्या कोठ्यात (गोठ्यात) हलवायच्या. आम्ही पोट्टे रांगेनं उभे, हातोहात द्यायच्या. सरपण ओलं झालं तर चार महिने स्वयंपाकघरात धूर आणि आईचे डोळे लाल. त्यामुळे याला सुट्टी नव्हती. पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, भारे वेगळे, ते छपरीत उभे करायचे, आडवे ठेवले की उंदीर घर करतात.

सांदवाडी
तुराटी खुपसणं!!! आमच्याकडे पण हेच. मामा वरून ओरडायचा हळू खुपस गा, पायाला लागते

निळीछत्री
वखरडवरा भाऊ, गोवऱ्या हलवताना विंचू नाही निघाले कधी? आमची मोठाई काठीनं ढीग ठोकून घेतल्याशिवाय हात लावू द्यायची नाही.

वखरडवरा
निघायचे ना. म्हणून तं खालचा थर बाबा उचलायचे. पोरांना वरचाच.

माहेरवाशीण
मी वाळवणाबद्दल लिहिते. घाईत आहे, कुकर लावलाय, चुका सांभाळून घ्या.

कुरड्या एप्रिलमध्येच होऊन जायच्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. तो शिजवताना घोटायला दोघी लागायच्या, एकटीच्या हाताचं काम नाही. गरम चीक वाटीत घेऊन साखर घालून खायचा, त्यासाठी आम्ही पहाटे उठायचो. हे सगळ्यांना माहीत आहे. पण जूनमध्ये काय व्हायचं ते सांगते. पाऊस यायच्या आत सगळे डबे गच्चीवर शेवटचं ऊन खायला जायचे. कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या, ज्वारीचे पापड. संध्याकाळी आजी फतकल मारून बसायची आणि वाटे करायची. अख्ख्या कुरड्या लेकींच्या डब्यात. तुटलेल्या, चुरा झालेल्या घरच्या डब्यात. सुना समोर बसून वर्तमानपत्राचे कागद लावायच्या. माझी आई त्यातलीच एक सून. तिनं अख्खी कुरडई तळून स्वतः खाल्लेली मला आठवत नाही, आमच्याकडे पावसाळाभर चुऱ्याची भाजी व्हायची. आणि आई स्वतः माहेरी गेली की मामाकडून तिला अख्ख्या कुरड्यांचा डबा मिळायचा! तो मात्र ती आल्या आल्या आम्हा पोरांना फोडून द्यायची.

आता माझ्या डब्यात अख्ख्या येतात. वहिनी पाठवते. मी तिला इथून अख्खेच पापड पाठवते, मुद्दाम निवडून.

कवेलूघर
माहेरवाशीण, हे वाचून पोळी तव्यावर राहिली. आमच्याकडेही चुरा घरचाच असायचा. मी इतकी वर्षं याकडे वाटणी म्हणून पाहिलंच नव्हतं.

टप्पूचीआई
चुऱ्याची भाजी कशी करतात? माझ्याकडे डबाभर चुरा पडून आहे

माहेरवाशीण
गरम पाण्यात थोडा वेळ भिजव, नरम झाला की निथळ. तेलात मोहरी जिरं, भरपूर कांदा, हिरवी मिरची, हळद, कढीपत्ता. चुरा टाकून परत, झाकण नको, गिजका होतो. मीठ जपून, कुरडईत असतंच. वरून कोथिंबीर.

टप्पूचीआई
आजच करते

संत्राबाग
शेतातलं नको म्हटलं तरी आमच्याकडे शेत आणि घर वेगळं नव्हतं, म्हणून लिहितो. नरखेडकडची संत्र्याची बाग, मृग बहार धरायचो. त्यासाठी एप्रिल-मेमध्ये झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होऊन गळतात, तोच ताण. मग मृगाचा पाऊस आला की फुलं फुटतात आणि संत्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. पाऊस वेळेवर नाही आला तर ताणावरची झाडं आणि आम्ही सारखेच तहानलेले.

तर जून लागला की बाबांचं बोलणं कमी व्हायचं. ओसरीत बसून पश्चिमेकडं पाहायचे. आई आम्हाला डोळ्यांनीच सांगायची, वह्या मागू नका अजून. वह्या, छत्री, चपला सगळं पहिल्या पावसानंतर. आईनं त्या दिवसांत बाबांसमोर पैशाचा विषय कधी काढला नाही. साखर संपली तर शेजारून वाटीभर आणायची, कोणाला कळू न देता. मग एका रात्री वारा सुटायचा, आभाळ गरजायचं आणि बाबा अंगणात उघड्या अंगानं उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी काटोलला जाऊन वह्या. कव्हरं आई लावायची, तांदळाच्या पेजेनं चिकटवून.

आता ठिबक आहे, बोअर आहे, भाऊ बाग पाहतो. जून लागला की त्याचंही बोलणं कमी होतं.

निळीछत्री
फार सुंदर लिहिलंत दादा. आईंना नमस्कार.

पुणेरीनागपूरकर
शाळेवरून आठवलं. आमची पुण्याची भावंडं जूनच्या मध्याला शाळा म्हणून आधीच निघून जायची. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे महिनाअखेरीकडे उघडतात, त्यामुळे वाड्यात आम्हीच उरायचो. जांभळं नेमकी तेव्हाच पिकायची! ती बिचारी फोनवर विचारायची, झाड लागलं का. आता मीच पुण्यात, आणि माझी मुलं तोच फोन करतात.

सावजीरस्सा
उन्हाचं म्हणाल तर मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ गेलं होतं तापमान. त्यापुढं कसला नवतपा

निळीछत्री
नाही हो, ते एका स्वयंचलित केंद्रावरचं होतं. सेन्सर बिघडला होता, हवामान खात्यानं नंतर सांगितलं. नीट चालणाऱ्या केंद्रांवर ४४-४५ होतं.

सावजीरस्सा
हाव का, मले वाटलं खरंच. पण ४५ काय कमी आहे का बाप्पा

मानेवाडा
कूलर कधी काढता सगळे? पाऊस पडला की आमच्याकडे नुसती चिपचिप होते

सांदवाडी
हवेतच ओल असली तर कूलर थंड कसा करणार, पाणी उडायलाच जागा नाही. पंप बंद करून नुसता फॅन चालवा. आणि काढताना टपातलं पाणी पूर्ण काढा, डेंग्यूचे डास त्यातच होतात. ताट्या वाळवूनच माळ्यावर.

मानेवाडा
धन्यवाद ताई. आता मुद्द्याचं. माझी आई अजून गावीच असते, कुहीकडे. एकटी. वय झालंय पण नागपूरला यायला तयार नाही, म्हणते कोठ्यात गाय आहे, तिला कोण पाहीन. मे संपला की तिचे फोन सुरू. पहिला फोन ताडपत्रीचा. "मागच्या सालची फाटली, मोठी आणजो." दुसरा फोन, कुटार (गायीचा भुसा) भरून झालं. तिसरा, भिंतीला पावसाच्या बाजूनं झड्या, म्हणजे पावसाचा मारा अडवणारे ताटवे, लावल्या. मी म्हणतो माणूस लाव, पैसे देतो. तर म्हणते माणसाला दाखवावं लागते कुठी काय ते, तोवर माझंच होते. मागच्या रविवारी गेलो तर खरंच सगळं झालेलं. दोरीनं बांधलेल्या झड्या, चुलीमागं वाळलेलं सरपण रचून ठेवलेलं, पिठाच्या डब्याखाली विटा. ताडपत्री तेवढी माझ्यासाठी ठेवली होती. ती मी वर चढून बांधली, ती खाली उभी राहून गाठ नीट मार म्हणून सांगत होती. जेवायला आमरस आणि शेवया.

कवेलूघर
पिठाच्या डब्याखाली विटा 🙏 ओल वर चढते म्हणून. आईंना सांगा, नागपूरच्या एका बाईनं विचारलंय, झड्या कशाच्या बांधतात त्या?

मानेवाडा
शिंदीच्या पानांच्या. आता शिंदी कमी झाली तं पऱ्हाटीच्या पण करते.

धानपट्टा
आमचं मौद्याकडे. तुमच्या कापूस-संत्र्यात आमचं धान राहिलंच! आमच्याकडे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायची घाई असायची, पण घरातलं म्हणाल तर आजी ढोलीतलं (कणगीतलं) बियाण्याचं धान काढून सुपात पाखडायची. पोकळ दाणा पाण्यात टाकला की वर तरंगतो, तो कोंबड्यांना. आणि पहिला मोठा पाऊस झाला की तलावाच्या पाण्याबरोबर चढणीचे मासे. आमच्याकडे मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातला तलाव आहे. त्या रात्री घरात मासे साफ करायला सगळे बसायचे, पुरुषसुद्धा. एवढं एकच काम स्वयंपाकघरातलं आबाजी करायचे.

सावजीरस्सा
मासे म्हटल्यावर आलो परत. कोणते निघायचे?

धानपट्टा
दांडी, बोटरे, कधी वांब. जवसाच्या चटणीसोबत खाल्लेत का भाऊ कधी

सावजीरस्सा
बोलावता का तेवढं सांगा

आमराई
आंब्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. आमच्या झाडांना नावं होती. शेंद्र्या, शेप्या, खोबऱ्या, गोटी. शेप्याला शेपूचा वास, तो फक्त आजोबांना आवडायचा. आंब्याचा माच (पिकवायला घातलेली अढी) धान्याच्या खोलीत तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात. जून लागला की माच उघडायचा आणि आई रोज डागी आंबे वेगळे काढायची. पाऊस पडल्यावर गावरानी आंब्यात अळ्या होतात, फळमाशीची अंडी. म्हणून मृग लागायच्या आत संपवायचे. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ रस, उरला तर ताटात पसरून पोळी वाळवायची. ढग आले की ताटं आत, ऊन आलं की ताटं बाहेर. ही पळापळ आईची आणि काकूची. आम्ही कोयी मोजून कोणी जास्त खाल्ले ते ठरवायचो.

खोबऱ्याचं झाड रस्त्याच्या कामात गेलं. शेप्या आहे अजून.

सांदवाडी
खोबऱ्याचं वाईट वाटलं. कोय लावली होती का कोणी?

आमराई
काकूनं लावली आहे परसात, मोठी झालीय. पण कोयीपासून तसाच येईल याचा भरवसा नसतो. फळ धरलं की कळवते.

टप्पूचीआई
चुऱ्याची भाजी झाली, फस्त. आता लोणच्याचं सांगा कोणीतरी. पाच किलो फोडी आणल्या आहेत, सासूबाई गावी आहेत, फोन लागत नाही

माहेरवाशीण
फोडी पुसून सावलीत कपड्यावर पसर, पाण्याचा थेंब राहायला नको. पाच किलोला किलोभर मीठ. त्यात कमी केलंस की बुरशी. मोहरीची डाळ, मेथी तळून कुटून, हळद, तिखट, हिंग.

टप्पूचीआई
किलोभर!! जास्त नाही का होणार

कवेलूघर
नाही होत, फोडी ओढून घेतात. आमच्या आजीचंही हेच प्रमाण होतं. बरणीला निखाऱ्यावर हिंग टाकून धुरी दे. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून वरून ओत, फोडींवर बोटभर यायला पाहिजे. आठ दिवसांनी तेल खाली गेलं तर परत घाल.

टप्पूचीआई
मेथी किती घालू?

माहेरवाशीण
पाच किलोला शंभर ग्रॅम पुरे. जास्त झाली तर कडू होते. आणि दादरा सुती कापडाचाच बांध, प्लॅस्टिक नको.