मुलगी म्हणून वाढलेले पण पुरुष म्हणून जगलेले लोक जुन्या काळात होते का?

माझ्या धाकट्या भावाला आम्ही मुलगी म्हणून वाढवलं, दोन वर्षांपूर्वी त्याने सांगितलं की तो मुलगा आहे. आईबाबा सावरले, पण आजी म्हणते आमच्या वेळी असलं काही नव्हतं, हे सगळं मोबाईलमधून आलंय. प्राचीन काळातलं काही सांगा ना, शिखंडी सोडून, तो माहितीये.

प्रतिसाद १
शिखंडी कशाला सोडतेस? आपल्याला फक्त भीष्मांसमोरचा शिखंडी आठवतो. उद्योगपर्वात बघ, द्रुपदाला मुलगी झाली पण राणीने मुलगाच झाला म्हणून सांगितलं, संस्कार मुलाचे, धनुर्विद्या द्रोणांकडे आणि लग्न दशार्णच्या राजकन्येशी. तिला खरं कळलं आणि सासरा चाल करून यायला निघाला, तेव्हा आपल्यापायी आईबापांवर संकट नको म्हणून ते पोर जीव द्यायला रानात गेलं, तिथे स्थूणाकर्ण यक्षाने त्याला स्वतःचं पुरुषत्व दिलं. आजीला ही गोष्ट नक्की भिडेल.

प्रतिसाद २
महाकाव्य म्हणजे पुरावा नाही असं कोणीतरी म्हणेलच, म्हणून डायोडोरस. इ.स.पू. पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार. त्याने ग्रीसमधल्या एपिडॉरस शहराच्या कॅलोबद्दल लिहिलंय, मुलगी म्हणून वाढली, लग्नही झालेलं, मग दुखण्यामुळे एका औषधवाल्याने शस्त्रक्रिया केली आणि शरीर पुरुषाचं निघालं. तिने मागाचा धोटा आणि बायकांची बाकीची कामं सोडली, पुरुषाचे कपडे घातले, नावाला शेवटी ‘न’ हे अक्षर जोडून कॅलोन झाला. फक्त एक अक्षर! अर्थात आजच्या भाषेत ही इंटरसेक्स व्यक्ती, म्हणजे जन्मतःच शरीर ठरीव स्त्री किंवा पुरुष साच्यात न बसणारी, तुझ्या भावाची गोष्ट वेगळी, दोन्हींची गल्लत करू नकोस.

प्रतिसाद ३
मग लुशियन वाच, ग्रीकमध्ये लिहिणारा उपहासलेखक, इसवी सनाचं दुसरं शतक. त्याचे संवाद काल्पनिक आहेत, पण अशी माणसं वाचकांना अगदीच अनोळखी असती तर त्याने लिहिलंच नसतं असं मला वाटतं. लेस्बॉस या ग्रीक बेटावरची श्रीमंत मेगिला डोक्यावरचा केसांचा टोप काढते, खाली पैलवानासारखं तासलेलं डोकं, आणि म्हणते मला बाई करू नका, मी मेगिलस, ही डेमोनासा माझी बायको. पुढे सांगते की जन्म बाईचा असला तरी मन पुरुषाचं आहे.

धागाकर्ती
टोपाचं वाचून थांबलेच. भावाने केस बारीक कापले तेव्हा आजी दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. आज जेवताना शिखंडीपासूनच सुरुवात करते, त्यालाही शेजारी बसवते.