४० लाखांची सूट राज्याबाहेर चालत नाही

एकांनी लिहिलंय, "४० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर जीएसटी नको, हळद बिनधास्त ऑनलाइन विका." अर्धंच खरं आहे हे. ती सूट माल महाराष्ट्रातच विकला तर. हळद पावडरीवर ५ टक्के कर आहे, त्यामुळे राज्याबाहेर एक पाकीट गेलं तरी नोंदणी लागते, मग विक्री स्वतःच्या वेबसाइटवरून असो की ॲमेझॉनवरून. आणि सांगलीकरांना राज्याबाहेर म्हणजे लांब नाही, म्हैसाळ ओलांडलं की कागवाड! राज्यातल्या राज्यात ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीतून सवलत आहे. फक्त जीएसटीच्या पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यायचा.

पाकिटावर एफएसएसएआय (अन्न परवाना) क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, पत्ता हे तर हवंच.

दुसरं, 'जीआय (भौगोलिक) मानांकित सांगली हळद' असं सर्रास छापतात. मानांकन २०१८ मध्ये मिळालं हे बरोबर, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसेल तर ते वापरता येत नाही. बाहेरची हळद आणून इथल्या नावानं विकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. तसंच भावकीला ग्राहक बनवून पाच-पाच तारे द्यायला लावू नका, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत खोट्या अभिप्रायांना मनाई आहे.