ट्रोलांना आधार कार्ड लावा म्हणे!

कृष्णाकाठची: काल हळदगड्डा यांनी ठोकून दिलं की ट्रोल म्हणजे रिकामटेकडी पोरं, अकाउंटला आधार जोडा, दोन दिवसांत गार पडतील. डोकं फिरलं म्हणून लिहितेय. दक्षिण कोरियानं २००७ साली मोठ्या साइटवर खऱ्या ओळखीची सक्ती केली. २०११ मध्ये तिथल्या एकाच कंपनीकडून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०१२ ला कोर्टानं ती सक्तीच रद्द केली.

घरचं सांगते. ताईनं भडंगाचा व्हिडिओ टाकला. कढईत लसूण तडतडतोय, मनगटावर तिचा भाजल्याचा जुना डाग. पहिली कमेंट, "आधी हात धुवा, मग शिकवा." लिहिणारे आमच्याच गल्लीतले काका. खरं नाव, मांडीवर नातू घेतलेला फोटो. मग त्यांच्यामागे सगळी रांग. रात्री ताईनं व्हिडिओ काढून टाकला.

हळदगड्डा: एका काकांवरून नियम ठरत नाही. नाव झाकलं की माणूस मोकाट सुटतो, हे मानसशास्त्रज्ञ जॉन सुलरनं २००४ लाच लिहिलंय. माझ्या दुकानाला कुणी निनावी मेला एक स्टार देऊन गेला, 'हळदीत भेसळ'! तीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात घालवली मी.

कृष्णाकाठची: सुलर पूर्ण वाचा. सहा कारणं दिलीत, निनावीपणा त्यातलं एक. समोरच्याचं पडलेलं तोंड दिसत नाही, हेही त्यातच आहे.

पोवईनाका: ते असू दे. लसूण सालासकट होता का सोललेला?

हळदगड्डा: सातारकरांनी कंदी पेढ्यावर बोलावं.

जयसिंगपूरकर: भडंग मुळात आमचं. सांगलीनं नुसत्या पाट्या लावल्या.

हळदगड्डा: आले! पूल ओलांडून भांडायला आले!

पोवईनाका: पेढ्याला मधे ओढायचं काम नाही. तुमच्याकडचा पेढा म्हणजे साखरेचा खडा.

जयसिंगपूरकर: सोललेला लसूण घालणाऱ्यांनी चिवडा खावा.

हळदगड्डा: तुम्हाला कुणी विचारलं? अक्कल गहाण टाकलीय का?

कुपवाड_रात्रपाळी: वा काका, आधार जोडलंय ना?

मी केलंय ट्रोलिंग. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर झापलं, पहाटे घरी आलो, एका पोरीच्या कवितेखाली आधीच टिंगल चालली होती. मीही लिहिलं, "यमक रेशनवर मिळालं का?" भरपूर लाइक. तिनं पुढं कविता टाकली नाही. २०१७ साली स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठवाल्यांनी हेच तपासलं. सोपी चाचणी देऊन चांगल्या कमेंटखाली लिहायला बसवलं तर ट्रोलिंग ३५ टक्के, अवघड चाचणी देऊन मूड घालवला आणि वर घाण कमेंट असली की ६८. म्हणून म्हणतो, पहिली घाण कमेंट लगेच उडवा. आधार बिधार राहू दे.

हळदगड्डा: म्हणजे चूक सुपरवायझरची! छान. बरं, कोरियाचं मान्य. अक्कलेचं वाक्य काढतो. जयसिंगपूरचं मात्र मेलो तरी मान्य नाही.

कृष्णाकाठची: ताईला विचारलं. सालासकटच होता.