अमेरिकेत स्टुडंट अफेअर्समध्ये मास्टर्स: कार्यक्रम निवडताना काय तपासायचं?

पायवाट (प्रश्न)

अमेरिकेतल्या विद्यापीठांत हायर एज्युकेशन आणि स्टुडंट अफेअर्सच्या मास्टर्ससाठी पुढच्या फॉलचे अर्ज भरायचे आहेत. वसतिगृह, ओरिएंटेशन, विद्यार्थी सल्ला, शिस्तीची प्रकरणं या बाजूचं काम करायचंय. प्राध्यापकी किंवा निव्वळ संशोधन नको आहे. पण एकाच कामासाठी पदव्यांची नावं किती! कुठे 'हायर एज्युकेशन लीडरशिप', कुठे 'कॉलेज स्टुडंट पर्सोनेल', त्यात परत एम.एड., एम.ए., एम.एस.

या नावांमध्ये खरंच फरक असतो का? असिस्टंटशिपची (शिकताना विद्यापीठातच अर्धवेळ काम, बदल्यात फी-माफी आणि स्टायपेंड म्हणजे मानधन) ऑफर आली तर ती वाचायची कशी? आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर प्रॅक्टिकम (अभ्यासक्रमाचा भाग असलेलं प्रत्यक्ष काम) आणि नंतरची नोकरी यांचं गणित कसं बसतं? रँकिंग पाहून झालंय, त्यातून यातलं काहीच कळत नाही.

ओसरी

नाव बाजूला ठेवा आणि विषयांची यादी उघडा. 'लीडरशिप' या एका नावाखाली दोन अगदी वेगळे कार्यक्रम चालतात. एक असतो आधीच कॉलेजात नोकरी करणाऱ्यांसाठी: संध्याकाळचे किंवा ऑनलाइन वर्ग, अर्थव्यवस्थापन, कायदा, प्रशासन, धोरण. प्रत्यक्ष काम तुम्ही करताच आहात असं त्यात गृहीत धरलेलं असतं. दुसरा पूर्णवेळ, कॅम्पसवरचा: विद्यार्थी विकासाचे सिद्धांत, संवादकौशल्यं, मूल्यमापन आणि सोबत प्रॅक्टिकम. तुम्हाला हा दुसरा हवा. एम.एड. आणि एम.ए. मधला फरक बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात असतो, म्हणजे थीसिस, लेखी परीक्षा की पोर्टफोलिओ एवढाच. त्यावर डोकं शिणवू नका. मात्र ही पदवी समुपदेशकाचा परवाना देत नाही. मानसिक समुपदेशन करायचं असेल तर तो रस्ता निराळा.

मोजपट्टी म्हणून सीएएस या संस्थेची मानकं वापरा. ती १९७९ पासून काम करते. मास्टर्ससाठी तिची अपेक्षा पूर्णवेळ दोन शैक्षणिक वर्षांची आहे, आणि देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम किमान ३०० तास, तेही किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी. १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये आठवड्याला १० तास धरले तर १५० होतात, म्हणजे दोन सेमिस्टर, दोन कार्यालयं. सीएएस कोणालाही मान्यता देत नाही, तपासणी विद्यापीठाने स्वतःची स्वतः करायची असते. म्हणून विभागाला थेट विचारा: प्रॅक्टिकमचे तास किती, जागा कोण शोधतं, आणि देखरेख करणारी व्यक्ती आठवड्यातून किती वेळ तुमच्यासोबत बसते? तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर तिथेच पाणी मुरतंय असं समजा.

एसीपीए आणि नास्पा या दोन व्यावसायिक संघटनांनी २०१५ मध्ये सुधारलेली दहा क्षमता-क्षेत्रांची यादीही शेजारी ठेवा आणि कार्यक्रमाचे विषय तिच्याशी जुळवून पाहा. मूल्यमापन आणि मनुष्यबळ-अंदाजपत्रक हे रकाने रिकामे राहिलेले दिसले तर ती उणीव पहिल्या नोकरीतच टोचते.

सिद्धांतांबद्दल एक. चिकरिंगचे १९६९ चे सात व्हेक्टर (विद्यार्थी विकासाच्या सात दिशा), ॲस्टिनचा १९८४ चा सहभागाचा सिद्धांत, टिंटोचं विद्यार्थी शिक्षण का सोडतात याचं विवेचन हे सगळीकडे शिकवतात. कुठे पाठ करून घेतात, कुठे वापरायला लावतात. समजा, मिडटर्मनंतर एक विद्यार्थी येऊन म्हणतो, "मला घरी परत जायचंय." श्लॉसबर्गच्या स्थित्यंतराच्या मांडणीतले चार भाग हाताशी असले की प्रश्न आपोआप सुचतात. परिस्थिती: हे कधीपासून वाटतंय, नेमकं काय घडलं? स्वतः: आधी असं अवघड वळण आलं तेव्हा काय केलंत? आधार: इथे रोज बोलावं असं कोण आहे? मार्ग: आतापर्यंत काय करून पाहिलंत? चारपैकी कुठला कोपरा रिकामा आहे ते दहा मिनिटांत दिसतं, आणि त्याला ट्यूटरकडे पाठवायचं, आर्थिक मदत कार्यालयाकडे की समुपदेशकाकडे, हे ठरवता येतं. सिलॅबस मागवा आणि अशी प्रकरणं लिहून घेतात का ते बघा.

हिशेबवही

असिस्टंटशिपबद्दल. स्टायपेंडचा आकडा आधी डोळ्यांत भरतो, पण तो सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी ट्यूशन (शिक्षणशुल्क): माफी पूर्ण की अंशतः, किती क्रेडिटपर्यंत, आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांना लागणारा जादा दर धरून की सोडून? ट्यूशन माफ झाली तरी फीज बहुधा माफ होत नाहीत. त्या वेगळ्या लिहून घ्या. मग करार ९, १० की १२ महिन्यांचा? नऊ महिन्यांचा असेल तर उन्हाळ्याचं भाडं आणि उन्हाळी क्रेडिटची फी तुमच्या खिशातून जाते. आरोग्य विमा कोण भरतं? दुसऱ्या वर्षी नूतनीकरण नक्की आहे की 'निधी असल्यास'? हे सगळं ईमेलवर घ्या, फोनवर नको.

वेळापत्रकही समजून घ्या. अर्जाच्या तारखा साधारण डिसेंबर-जानेवारीत, मुलाखतीचे दिवस फेब्रुवारी-मार्चमध्ये. पुष्कळ ठिकाणी प्रवेश देतो विभाग, पण असिस्टंटशिप देतं वसतिगृह किंवा विद्यार्थी उपक्रम कार्यालय, आणि त्यांच्या मुलाखती एक-दोन दिवसांत पाठोपाठ होतात. प्रवेश मिळाला आणि असिस्टंटशिप नाही, हे सर्रास होतं. ऑफरला उत्तर द्यायची मुदत कधी कधी फारच थोडी असते. ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ देणारा जो आंतरविद्यापीठीय ठराव आहे तो त्या ऑफरला लागू आहे का, हे ग्रॅज्युएट स्कूलला विचारा. नुसत्या विभागावर विसंबू नका.

पायवाट

फार उपयोगी. मुदत वाढवायची वेळ आली तर हाच प्रश्न विचारेन. वसतिगृहातली असिस्टंटशिप घ्यावी की कार्यालयातली? वसतिगृहाच्या ऑफरमध्ये खोली आणि जेवण दिसतंय.

हिशेबवही

पैशाच्या हिशेबाने वसतिगृह बहुधा उजवं ठरतं, पण ते काम आठवड्याच्या तासांत मावत नाही. ऑन-कॉल किती रात्री, सुट्टीत इमारत सोडता येते का आणि पाठीशी पूर्णवेळ कर्मचारी कोण, हे विचारा.

ऑन-कॉल म्हणजे काय ते सांगतो. रात्री एक वाजता ड्यूटी फोन वाजतो. आरए (वसतिगृहात मदतीला नेमलेली विद्यार्थिनी) सांगते की एक मुलगी खोलीत रडतेय, काही नीट बोलत नाही. पहिला प्रश्न: कोणाच्या जिवाला धोका आहे का? असेल तर आधी कॅम्पस पोलीस किंवा रुग्णवाहिका, मग वरिष्ठ ऑन-कॉल, मग तुम्ही तिथे. ती म्हणाली "कोणाला सांगू नका", तर तसं वचन द्यायचं नसतं. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आला तर तुम्ही बहुधा टायटल नाईनच्या (शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाविरुद्धच्या कायद्याच्या) कार्यालयाला कळवायला बांधील असता, आणि ते बोलणं पुढे जायच्या आधीच तिला सांगायचं, म्हणजे किती सांगायचं हे तिच्या हातात राहतं. सकाळच्या आत अहवाल: वेळ, खोली, कोण काय म्हणालं. 'ती नाटक करत होती' असलं मत त्यात येता कामा नये. असे अहवाल पुढे विद्यार्थ्यालाही वाचायला मिळू शकतात. शिस्त आणि संकट हाताळणं शिकायचं असेल तर याहून चांगली जागा नाही. करिअर सेंटर किंवा सल्लागार व्हायचं पक्कं असेल तर कार्यालयातलीच घ्या.

दीपमाळ

व्हिसाचं बोलतो, कारण गाडं अडतं ते इथे.

एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. असिस्टंटशिपच २० तासांची असेल तर त्याच कॅम्पसवरचा पगारी प्रॅक्टिकम त्या मर्यादेबाहेर जातो. दोन वेगवेगळ्या कार्यालयांतले तास वेगळे मोजले जात नाहीत, बेरीज होते. क्रेडिटसाठीचा बिनपगारी प्रॅक्टिकम निराळा मानला जाऊ शकतो, पण सुरुवात करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्या. प्रॅक्टिकम दुसऱ्या कॉलेजात असेल तर सीपीटी (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करायची परवानगी) लागतं. ती परवानगी आय-२० वर (विद्यापीठ देतं त्या व्हिसाच्या कागदावर) चढल्याशिवाय एक दिवसही काम करायचं नाही. साधारण नियम आधी एक शैक्षणिक वर्ष पूर्ण करण्याचा आहे. अभ्यासक्रमात प्रशिक्षण पहिल्यापासूनच सक्तीचं असेल तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सवलत मिळते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झालं की त्याच पातळीचं ओपीटी (पदवीनंतर त्या क्षेत्रात काम करायची परवानगी) गेलं.

ओपीटी १२ महिन्यांचं. ही पदवी सहसा स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित) यादीत नसते, म्हणून २४ महिन्यांची वाढ धरून चालू नका. आय-२० वरचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक) १३.०४०६ किंवा १३.११०२ दिसला तर ती नाहीच. अर्ज पदवी संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, आणि ओपीटीत बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच मिळतात. वसतिगृहांच्या नोकऱ्यांची भरती वसंत सत्रातच सुरू होते आणि रुजू होणं बरेचदा जुलैच्या आसपास असतं, त्या हिशेबाने ओपीटीची सुरुवातीची तारीख निवडा. विद्यापीठं एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) च्या वार्षिक कोट्यातून वगळलेली आहेत, हा या क्षेत्राचा मोठा फायदा. पण अनेक संस्था सुरुवातीच्या पदांसाठी या व्हिसाचं प्रायोजकत्व देत नाहीत. मुलाखतीच्या पहिल्या फेरीतच विचारा, त्यात संकोच नको.

ओसरी

राहिलं निवेदनपत्र आणि मुलाखत. "मला विद्यार्थ्यांना मदत करायला आवडतं" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्यातून निवड समितीला काही कळत नाही. त्याऐवजी कोणत्या विद्यार्थ्यांचा कोणता प्रश्न, तुम्ही काय निर्णय घेतला, कशाच्या आधारावर आणि काय चुकलं ते लिहा.

मुलाखतीत प्रसंग देतात. नेहमीचा एक: पालकांचा फोन येतो, "आमचा मुलगा वर्गात जातो का, मार्क किती?" १९७४ च्या फेर्पा (विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या) कायद्यानुसार कॉलेजात गेल्यावर त्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा. करासाठी तो पालकांवर अवलंबून असेल तर संस्था माहिती देऊ शकते, पण द्यायलाच हवी असं नाही, आणि आरोग्य-सुरक्षेच्या आणीबाणीत अपवाद आहे. "कायदा आहे, सांगू शकत नाही" एवढ्यावर थांबलात तर उत्तर अर्धं. पालकांची काळजी ऐकून घ्या, वर्गाची हजेरी कशी घेतात, मदत कुठे मिळते ही सर्वसाधारण माहिती द्या, विद्यार्थ्याच्या संमतीचा फॉर्म कसा भरतात ते सांगा आणि त्याच दिवशी स्वतः त्या मुलाला गाठून तो कसा आहे ते बघा. हा शेवटचा भाग बहुतेक उमेदवार विसरतात.