प्रकाशाची रासायनिक ऊर्जा नेमकी कुठे होते? (तणनाशकावरून पडलेला प्रश्न)

दुधनाकाठ (जालना):
शाळेत एक समीकरण पाठ होतं: कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, त्यातून साखर आणि ऑक्सिजन. पण शेतातल्या दोन गोष्टी त्यात बसत नाहीत. पॅराक्वाट हे तणनाशक कडक उन्हात पडलं की गवत संध्याकाळपर्यंत करपतं, ढगाळीत त्यालाच दोन-तीन दिवस लागतात. दुसरं, ॲट्राझिन हे तणनाशक मारलेल्या मक्याच्या रानात पुढं सोयाबीन पेरलं तर उगवण चांगली होते, आणि मग पानांच्या कडा पिवळ्या पडायला लागतात. दोन्ही औषधं प्रकाशसंश्लेषणावर काम करतात म्हणे. मग प्रकाश नेमका कोणत्या जागी बदलतो, आणि ही औषधं तिथं काय अडवतात?

हरितलवक (लातूर):
साखर हा शेवटचा माल. प्रकाशाचं काम त्याच्या बरंच आधी संपलेलं असतं.

हरितलवकात, म्हणजे पानाच्या पेशीतल्या हिरव्या कणात, थायलॅकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या असतात. त्यांच्या पडद्यात फोटोसिस्टिम टू, म्हणजे प्रकाश पकडणारा प्रथिनं आणि हरितद्रव्याचा संच, बसलेली असते. तिच्या मधल्या हरितद्रव्यावर ऊर्जा पोचली की सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात त्यातला एक इलेक्ट्रॉन उडून शेजारच्या रेणूवर जातो. प्रकाश रासायनिक होतो तो इथंच, याच उडीत. बाकी सगळी साखळी हा इलेक्ट्रॉन परत मागं येऊ नये याची तजवीज आहे.

इलेक्ट्रॉन गमावलेलं हरितद्रव्य इतकं हावरं होतं की ते पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेतं. हे काम मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक अणू असलेला छोटा पुंजका करतो. चार फोटॉन (प्रकाशाचे कण), चार टप्पे, पाण्याचे दोन रेणू फुटतात आणि ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडतो. हा ऑक्सिजन पाण्यातला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नाही. रूबेन आणि कामेन या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन (जास्त वजनाचा अणू असलेला) वापरून ते दाखवलं.

तिथून इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोन, सायटोक्रोम बी-सिक्स-एफ आणि प्लास्टोसायनिन या वाहकांच्या वाटेनं फोटोसिस्टिम वन या दुसऱ्या संचात येतो. तिथं दुसरा फोटॉन त्याला पुन्हा वर उचलतो, मग फेरेडॉक्सिन हा वाहक आणि शेवटी एनएडीपीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन साखरेकडे नेणारा रेणू. वाटेत प्रोटॉन (हायड्रोजनचे धन कण) पिशवीच्या आत साठत जातात. आत आम्ल, बाहेर अल्कली. हे प्रोटॉन एटीपी सिंथेज या विकरातून बाहेर पडताना त्याचं चक्र फिरवतात आणि एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी खर्च करते तो रेणू, तयार होतो. धरणातलं पाणी टर्बाइनमधून सोडावं तसं.

यात मला सगळ्यात देखणा वाटतो तो यागेनडॉर्फ आणि उरिबे यांचा १९६६ चा प्रयोग. पालकाची हरितलवकं अंधारात पीएच ४ च्या द्रावणात ठेवली आणि एकदम पीएच ८ मध्ये टाकली. उजेडाचा कणही नसताना एटीपी तयार झाला! म्हणजे एटीपीला लागतो तो आम्लाचा फरक. प्रकाशाचं काम तो फरक उभा करण्याचं.

पुढं साखरेत कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधायला ३ एटीपी आणि २ एनएडीपीएच खर्च होतात. या टप्प्याला ‘अंधारातली अभिक्रिया’ म्हणणं चुकीचंच आहे. अंधार पडला की तीही थोड्या वेळात थांबते. हिशेब करायचा तर एका कार्बनला किमान ८ फोटॉन लागतात. लाल प्रकाश धरला तर एक मोल कार्बनमागे सुमारे १,४०० किलोज्यूल आत, साखरेत उरतात ४७८ च्या आसपास.

काळीमाती (परभणी):
वरची साखळी डोळ्यांसमोर ठेवली की दोन्ही औषधांचा उलगडा होतो.

ॲट्राझिन फोटोसिस्टिम टूच्या डी-वन प्रथिनात, प्लास्टोक्विनोन जिथं टेकतो त्याच खाचेत जाऊन बसतं. इलेक्ट्रॉनची पुढची वाट बंद. पण ऊन पडतच राहतं, हरितद्रव्य ऊर्जा घेतच राहतं, ती ऑक्सिजनवर जाते आणि तो उत्तेजित झालेला ऑक्सिजन पडदे फाडतो. झाड उपाशी मरण्याआधी या न खपलेल्या ऊर्जेनं भाजतं. मक्याची ही खाच काही वेगळी नसते; मका ॲट्राझिनला ग्लुटाथायोन हा पेशीतला छोटा रेणू जोडून निकामी करतो. सोयाबीनला ते पुरेसं जमत नाही.

पॅराक्वाट वाट बंद करत नाही, चोरी करतं. फोटोसिस्टिम वनजवळ इलेक्ट्रॉन उचलतं, ऑक्सिजनला देतं आणि पुन्हा रिकामं होऊन परत येतं. एकच रेणू हजारो फेऱ्या मारतो. जितकं ऊन तितके इलेक्ट्रॉन, तितकं जळणं. ढगाळीत म्हणूनच उशीर. (पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. हातमोजे, मास्क आणि बंद कपाट यात हयगय नको.)

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा पीएच बहुधा ७.५ ते ८.५. अशा जमिनीत ॲट्राझिन हळू तुटतं. कोरडं वर्ष गेलं तर आणखी हळू.

दुधनाकाठ (जालना):
पण चुनखडीत लोहाच्या कमतरतेनंही सोयाबीन पिवळं पडतं. फरक कसा ओळखायचा? आणि पेरणीआधी काही कळू शकतं का?

मांजराकाठ (अंबाजोगाई):
पान पाहा. ॲट्राझिन पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी जिथून उडतं त्या कडांना साठतं, म्हणून खालची जुनी पानं आधी, कडेकडून पिवळी आणि मग तपकिरी. लोह एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. लोह नसेल तर साखळीच पुरी बांधली जात नाही, एकट्या फोटोसिस्टिम वनमध्ये त्याचे १२ अणू लागतात. त्यावर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, सकाळी किंवा संध्याकाळी. द्रावण गंजासारखं तांबडं झालं असेल तर फवारू नका, ते लोह पान घेत नाही.

पेरणीआधी कुंड्यांची परीक्षा करा. रानातल्या आठ-दहा जागांची वरची १५ सेंटीमीटर माती एकत्र करा. पंप वळवताना फवारा दुबार पडतो त्या कडेची माती वेगळी ठेवा. तुलनेला औषध न पडलेली तशीच काळी माती. प्रत्येकीच्या तीन कुंड्या, कुंडीत पाच दाणे. पाणी बेताचं, खालून वाहून गेलं तर औषधही जातं आणि निकाल खोटा येतो. दुसरी चूक म्हणजे कुंड्या सावलीत ठेवणं. उजेड कमी तर इजाही कमी दिसते, कुंड्या भर उन्हातच हव्यात. पहिले आठ-दहा दिवस रोप दलपत्रांवर (बियातल्या साठ्याच्या पहिल्या दोन पानांवर) जगतं, तेव्हा काहीच दिसणार नाही. उगवल्यावर तीन आठवडे थांबा. कडा पिवळ्या पडल्याच तर त्या रानात यंदा सोयाबीन नको, ज्वारी किंवा मका घ्या.